जुन्या काळी नवीन गोष्टी कशा पसरल्या याचं मॉडेल घरच्या लॅपटॉपवर कसं करायचं

नाशिकच्या पांडवलेणीत १७ नंबरच्या लेण्यात दाता म्हणून एका यवनाचं (म्हणजे ग्रीकाचं) नाव कोरलंय, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा इंद्राग्निदत्त. आता एवढ्या लांबून माणूस आला म्हणजे सोबत काहीतरी नवीन आणलंच असेल ना, पण अशी गोष्ट पसरायला किती वर्षं लागतात?

आधी एक्सेल उघडा, कोडिंग नंतर. लोकसंख्यावाढ वर्षाला ०.०३ धरा आणि माणसांचं पांगणं वर्षाला १० चौरस किलोमीटर, दोन्हींचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. उत्तर साधारण १.१ किलोमीटर दरवर्षी. सूत्र संख्याशास्त्रज्ञ फिशरचं, १९३७ चं, आणि युरोपात शेती पसरली तो वेग ऍमरमन (पुरातत्त्वज्ञ) आणि कावाल्ली-स्फोर्झा (जनुकशास्त्रज्ञ) यांनी १९७१ मध्ये मोजला तोही वर्षाला साधारण १ किलोमीटरच. म्हणजे एक अख्खी पिढी खपली तेव्हा कुठे नाशिकहून त्र्यंबक!

पण हे सपाट जमिनीचं झालं. मी पहिल्यांदा मॉडेलमध्ये सोपाऱ्याहून (नालासोपाऱ्याजवळचं जुनं बंदर) नाशिकला माणसं सोडली आणि उंची टाकायलाच विसरलो, तर सगळे सह्याद्रीतून सरळ रेषेत चालत वर आले, थळघाट (आपला कसारा घाट) वगैरे कोणी बघितलाच नाही 😅 म्हणून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळातून रडारने मोजलेला, उंचीचा डेटा घ्या (दोन्ही फुकट) आणि चढावरून चालण्याचा वेग काढणारं टोबलरचं सूत्र लावा, सपाटीवर ताशी ५ किलोमीटर चालणारा माणूस १०० मीटरला १० मीटर चढ आला की साडेतीनवर येतो. बैल लादलेले असतील तर अजून कमी धरा.

आता खरी गंमत. माणूस कायमचा राहायला येतो का नुसती कला शिकवून पुढे जातो, हे दोन वेगळे आकडे ठेवा, एकात कालवू नका. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले, २००० वर महिना १ टक्का व्याज आणि १००० वर पाऊण टक्का, असं १० नंबरच्या लेण्यात लिहिलंय. म्हणजे कारागीर एका जागी बसलेले, फिरत होते ते व्यापारी न् भिक्खू. अशा ठिकाणी शिकण्याचा आकडा वाढवा, स्थलांतराचा कमी करा, आणि नव्या गोष्टीची लाट किती जोरात पळते ते बघा.

शेवटी मॉडेल १०० वेळा चालवा आणि उत्खननातल्या तारखांशी ताडून बघा, पण निम्म्या तारखा आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर आकडे फिरवत बसलं की काहीही जुळतं.