पाणी अडवलंत, पण जादा पाणी जाणार कुठून?

माण-खटाव, नगर, बीड, सोलापूर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात सध्या पाणलोटाची कामं उरकायची घाई आहे. माथ्यावर चर, शेतात बांध, खाली नाल्याला बंधारा. आराखड्यात किती पाणी अडणार तो रकाना भरलेला असतो. जादा पाणी कुठून बाहेर पडणार, हा रकानाच नसतो. मग मृगाच्या पेरणीनंतर तासाभराचा एखादा पाऊस असा कोसळतो की सगळ्यात वरचा बांध फुटतो, त्याचा लोंढा खालच्या बांधावर येतो आणि चार-पाच रानं पेरलेल्या बाजरी-तुरीसकट धुऊन निघतात. दुष्काळी गावात सांडव्याअभावी, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणारी वाट नसल्याने, पीक जातं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण दरवर्षी कुठे ना कुठे तेच घडतं.

हिशेब आधी मांडा. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. 60 मिमीचा पाऊस म्हणजे 6 लाख लिटर. 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल चर मीटरला 180 लिटर धरतो. ओळींत 10 मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी 1,000 मीटर चर बसतो, म्हणजे 1 लाख 80 हजार लिटर. फक्त 18 मिमी. कोरडा मुरूम आणखी थोडं पिईल, पण आदल्या दिवशी भिजलेली जमीन फारसं घेणार नाही. उरलेलं पाणी खाली येणारच.

सांडव्याचं माप असं काढा. वरचं पाणलोट क्षेत्र 4 हेक्टर, पाऊस ताशी 100 मिमीच्या वेगाने आणि वाहून येणारं पाणी 40 टक्के धरलं, तर सेकंदाला साधारण 440 लिटर येतात. सांडव्यावरून 20 सेंमी जाडीची धार जाऊ द्यायची तर तोंड 3 मीटर रुंद लागतं. त्यावर 25 सेंमी मोकळी उंची हवी, म्हणून सांडव्याचा उंबरा, म्हणजे पाणी ओलांडून जातं ती कड, बांधाच्या माथ्यापेक्षा 45 सेंमी खाली ठेवा. क्षेत्र दुप्पट असेल तर रुंदी दुप्पट करा. उंबरा उचलू नका.

बहुतेक सांडवे तीन कारणांनी निकामी होतात. पहिलं, सांडवा भरावावर काढलेला असतो. तो नेहमी बांधाच्या टोकाला, न हललेल्या कठीण जमिनीत हवा. दुसरं, पाणी पडतं तिथे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, नसतं. दोन पावसांत तिथे खड्डा पडतो आणि तो मागे सरकत बांध पोखरतो. तिसरं, जास्त पाणी साठावं म्हणून कोणीतरी उंबऱ्यावर मातीची पोती रचतं. सगळ्यात जास्त रानं या पोत्यांनी घालवली आहेत. सांडव्याऐवजी सिमेंटचा पाईप टाकायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका, पहिल्याच पुरात तो पालापाचोळ्याने चोंदतो.

सांडव्याचं पाणी शेजाऱ्याच्या गटात जात असेल तर आत्ताच बोला. गावनकाशावर पाण्याची वाट दोन्ही गट नंबरांसह काढा, दोघांच्या सह्या घ्या आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. पावसात भांडण झालं की सांडवा रातोरात बुजवला जातो.

नियोजनाला महागडं काही लागत नाही. इस्रोचं भुवन आणि गूगल अर्थ या नकाशांवर उतार व ओघळी दिसतात, पण त्यावरून थेट चर आखू नका. चराची समपातळी रेषा जमिनीवरच मारायची. दोन मीटरच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधा, मध्ये आडवी काठी लावा, शेंड्यापासून दोरीने दगड सोडा, झाली ए-फ्रेम. पाय टेकतात तिथे खुंट्या ठोका आणि आडव्या काठीवर दोरी जिथे येते तिथे खूण करा. मग पाय अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर उभी करा, पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली की ती समपातळी. ही तपासणी रोज सकाळी करा, कारण काठ्या बांधलेला दोर सैल पडला की खूण सरकते. 100 मीटर चराला 30 सेंमी उतार पडला तर निम्मंच पाणी राहतं आणि सगळा भार खालच्या टोकाला येतो. म्हणून दर 15-20 मीटरला अर्धा मीटर जमीन न खोदता सोडा. माती उताराच्या बाजूला, चरापासून 30 सेंमी सोडून टाका.

जुने बांध चालून पाहा. काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो, शिवाय खेकड्यांची आणि उंदरांची बिळं असतात. बोटाएवढ्या बिळातून पाणी लागलं की रात्रीतून बांध जातो. बीळ नुसतं तोंडाशी लिंपू नका. शेवटापर्यंत उकरा, ओली माती 20-20 सेंमीच्या थरांत धुमसाने ठोकून भरा, वरून मुरूम टाका.

बाकीची कामं:
- आधी माथा, मग उतार, शेवटी नाला
- ओघळीत अनघड दगडी बांध, उंची 1 मीटरपर्यंत, मध्यभाग कडांपेक्षा 30 सेंमी खाली
- चराच्या भरावावर स्टायलो हेमाटा या चाऱ्याचं बी, हेक्टरी 5-6 किलो, पहिल्या चांगल्या पावसानंतर
- सांडव्याच्या कडेला वाळा किंवा हरळी
- रोपांचे खड्डे 45 × 45 × 45 सेंमी, शेणखत 1 घमेलं
- निंब, करंज, धावडा, अंजन, बोर, सीताफळ
- ग्रामसभेत चराईबंदी, किमान 3 वर्षं

खड्ड्यात टाकायला दुकानदार जेलचे दाणे, ह्युमिक, मायकोरायझाची पाकिटं पुढे करतात. डोंगरावरच्या रोपाला शेळीपासून राखण आणि बुडाशी पाल्याचं आच्छादन मिळालं तर त्यांची गरज पडत नाही. तेच पैसे पिचिंगच्या दगडाला घाला. प्लॅस्टिकचं शेततळं बोअरच्या पाण्याने भरणं तर गावाचं पाणी उपसून उन्हात वाळत घालणं आहे.

एक गोष्ट मात्र सोडून द्या: जिथे मूळचं गवताळ माळरान आहे आणि पवना, मारवेल ही गवतं टिकून आहेत, तिथे चर खोदून झाडं लावू नका. उथळ मातीत झाडं जगत नाहीत आणि खोदल्याने गवतही जातं. तिथे फक्त चराई थांबवा, कुरण आपोआप उभं राहतं.

टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस मोठा, असं जुनी माणसं सांगतात. यंदा तसं दिसलं तर उंबरा आणखी 10 सेंमी उतरवा, साठा थोडा कमी होईल एवढंच. वीज कडाडत असताना बांधावर जाऊ नका, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप बघा. पहिला मोठा पाऊस ओसरला की कुदळ घेऊन सांडव्यावर जा. पाणी किती चढलं त्या खुणेवर दगडाला चुना लावा आणि अडकलेला पाला काढा. खालच्या पिचिंगचा एखादा दगड हलला असेल तर त्याच दिवशी बसवा, दुसरा पाऊस वाट बघत नाही.