अल्माटीहून कोलसाय आणि काइंडी: एका दिवसाची सहल कशी आखावी

ठाण्यातल्या पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीतून हल्ली कोणी ना कोणी अल्माटीला निघालेले असते आणि निघण्यापूर्वी डोंगरातल्या तळ्यांच्या सहलीविषयी विचारून जाते. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते, त्यामुळे लोक विमानाचे तिकीट आणि हॉटेल पाहून मोकळे होतात. तळ्यांची सहल मात्र तिथे पोहोचल्यावर, हाती पडेल त्या माहितीपत्रकावरून ठरवतात. आमच्याकडूनही पहिल्यांदा हेच झाले होते.

सर्वप्रथम वेळेचा हिशेब कागदावर मांडावा. कोलसायची तळी अल्माटीपासून सुमारे ३०० किलोमीटरवर आहेत आणि वाटेतले थांबे धरता एका बाजूचा प्रवास पाच तासांचा होतो. सकाळी सहाला निघाल्यास अकराच्या सुमारास तळ्यांजवळच्या साती या गावी पोहोचता येते, आणि रात्री दहापर्यंत परतायचे असेल तर पाच वाजता तिथून निघावेच लागते. हातात राहतात सहा तास. त्यात काइंडी तळ्यासाठी जाणे-येणे धरून किमान तीन तास, जेवणाला पाऊण तास आणि कोलसायच्या पहिल्या तळ्यासाठी दीड-दोन तास लागतात. म्हणजेच दिवस इथेच भरतो. तरीही बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात चारिन कॅन्यनही घातलेले असते, कारण ते त्याच वाटेवर, अल्माटीपासून सुमारे २०० किलोमीटरवर आहे. कॅन्यन सुंदर आहे याबद्दल दुमत नाही, परंतु दरीत उतरून परत वर येण्यात दीड-दोन तास जातात आणि ते तळ्यांच्या वाट्यातूनच वजा होतात. माझे स्पष्ट मत असे की चारिनसाठी वेगळा दिवस ठेवावा. ते शक्य नसेल तर रस्त्यालगतच्या ब्लॅक कॅन्यनवर पंधरा मिनिटे थांबून पुढे जावे.

आम्ही पहिल्यांदा चार ठिकाणांची सामूहिक सहल घेतली होती. काइंडीच्या काठापर्यंतच्या उतारावर सासऱ्यांचे गुडघे सांभाळत आम्ही सावकाश उतरत होतो आणि आम्ही पाण्यापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच मार्गदर्शकाने परतीची हाक दिली. सासरे काही बोलले नाहीत, पण गाडीत बसल्यावर ते खिडकीबाहेरच पाहत राहिले. तीन दिवसांनी आम्ही खासगी गाडी करून फक्त दोन तळ्यांसाठी पुन्हा गेलो. खर्च वाढला, परंतु त्या दिवशी काठावर दीड तास बसता आले.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी सहल कंपनीला काही प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे फोनमध्ये जपून ठेवावीत. प्रत्येक तळ्याच्या काठावर प्रत्यक्ष किती मिनिटे मिळणार? राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क आणि साती गावातून काइंडीला नेणाऱ्या गाडीचे भाडे रकमेत धरले आहे का? मार्गदर्शक इंग्रजी बोलणारा आहे की फक्त रशियन? गाडीत किती माणसे असतील? ‘वेळ मिळाल्यास दुसऱ्या तळ्यापर्यंतही नेऊ’ असे कोणी म्हटल्यास ते धरून चालू नये. कोलसायची तळी तीन आहेत. पहिले सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे, दुसरे २२०० मीटरच्या वर आहे आणि त्या दोहोंमधील चढाची पायवाट जाऊन येण्यासाठी वेगळा, पूर्ण दिवस हवा. घरात ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले असतील तर खासगी गाडी परवडते का ते आधी पाहावे, कारण थांबण्याचा निर्णय आपल्या हाती राहतो.

दोन्ही तळी एकाच दिवशी पाहायची असल्यास काइंडी आधी पाहावे, असा आग्रह मी सर्वांना धरतो. १९११ च्या भूकंपात डोंगराचा कडा कोसळून घळ बुजली, तिच्यात पाणी साचले आणि तिथले सूचिपर्णी वृक्षांचे जंगल उभेच्या उभे बुडाले. तळे लहान, जेमतेम ४०० मीटर लांब आहे. पाण्यावर दिसतात ते वठलेले, पांढुरके, फांद्या गळून गेलेले सरळ खांब. दुपारी सूर्य वर असताना ऊन पाण्यात खोलवर उतरते आणि त्याच खांबांच्या खाली शेवाळाने मढलेल्या फांद्या अजून शाबूत असल्याचे दिसते. उशीर झाला की डोंगराची सावली पडते आणि पाणी नुसते हिरवट दिसू लागते. सासूबाईंनी काठावर वाकून पाण्यात हात घातला, दहा आकडे व्हायच्या आत बाहेर काढला आणि म्हणाल्या, “अहो, वर नुसता सोट आहे, पण खाली बघा, अख्खे झाड उभे आहे.” सासऱ्यांना ते दिसायला थोडा वेळ लागला.

काइंडीचा रस्ता मात्र गंभीरपणे घ्यावा. साती गावातून पुढे साधी गाडी जात नाही. सोव्हिएत काळापासून चालत आलेली उंच चाकांची व्हॅन घ्यावी लागते, जिला तिच्या आकारावरून ‘बुहांका’, म्हणजे पावाची लादी म्हणतात. ती खड्ड्यांतून आणि ओढ्यांच्या पाण्यातून जाते आणि आतल्या बाकांवर चांगलेच हादरे बसतात. गाडी थांबल्यानंतरही काठापर्यंत पायी उतरावे लागते आणि तोच चढ परतताना चढावा लागतो. मणक्याचा त्रास असलेल्यांनी किंवा गर्भवतींनी हा टप्पा टाळावा आणि थेट कोलसायला जावे. तिथे चांगला रस्ता तळ्याजवळ नेतो, वरच्या सज्जातून संपूर्ण तळे दिसते आणि पायऱ्या उतरून काठावर गेल्यास भाड्याने होडीही मिळते. ज्यांना वळणावळणांवर मळमळते त्यांनी डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी सोबत ठेवावी.

कोलसायचे पहिले तळेसुद्धा आपल्या कळसूबाईपेक्षा उंचावर आहे, हे लक्षात घेतले की कपड्यांचा अंदाज येतो. जूनमध्येही सकाळी स्वेटर लागतो, दुपारी तो काढावा लागतो आणि पाऊस न सांगता येतो; म्हणून एकावर एक घालता येतील असे कपडे, पावसाळी जाकीट आणि चांगली पकड असलेले बूट घ्यावेत. जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. हिवाळ्यात तळी गोठतात आणि बर्फ वितळू लागले की काइंडीचा रस्ता चिखलाचा होतो. निघण्यापूर्वी दोन-तीन आठवडे ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या चढावर रोज सकाळी चालावे. उपवन तलावाभोवतीच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारून गुडघ्यांना उताराची सवय होत नाही.

जेवणाची सोय साती गावातल्या घरगुती खानावळींत होते, परंतु तिथल्या सूपपासून पुलावापर्यंत बहुतेक पदार्थांत मांस असते. शाकाहारी मंडळींनी आदल्या दिवशीच कळवावे आणि ‘बेझ म्यासा’, म्हणजे मांसाशिवाय, हे रशियन शब्द पाठ करावेत. तरीही सूपचे पाणी मांसाचे असू शकते, तेव्हा कडक पथ्य पाळणाऱ्यांनी पाव, सॅलड आणि चहावरच भागवावे. आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेल्या रव्याचे उपम्याचे मिश्रण नेले होते. गरम पाणी मागितले की मिळते.

रोख टेंगे, म्हणजे तिथले चलन, जवळ हवेतच. तिथले लोक आपसात फोनवरून पैसे देतात, पण आपले यूपीआय तिथे चालत नाही आणि गाडीचे भाडे, स्वच्छतागृह, होडी यांसाठी सुटे लागतात. किर्गिझस्तानची सीमा जवळ असल्यामुळे मूळ पासपोर्ट अंगावरच्या पिशवीत ठेवावा. दरीत नेटवर्क मिळेल या भरवशावर न राहता नकाशा आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून घ्यावा आणि मार्गदर्शकाचा क्रमांक एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावा. अल्माटीचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. घड्याळ भारतीय वेळेवर राहिले तर निदान उशीर होत नाही, पण पहाटे थंडीत अर्धा तास ताटकळावे लागते.

एक गोष्ट तारखा ठरवतानाच पाहावी. रस्त्यात कुठे खोळंबा झाला तर हॉटेलवर पोहोचायला मध्यरात्र होते, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ही सहल ठेवू नये. मुक्कामाच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवावी, म्हणजे हवामान बिघडल्यास ती पुढे ढकलता येते.