धरणाचे आकडे कसे वाचायचे? (पुणेकर आणि दौंड-इंदापूरवाल्यांसाठी)

जुलै आला की ग्रुपवर मेसेज सुरू होतात, "खडकवासला १०० टक्के, पाण्याचं टेन्शन संपलं". नुसता टक्का बघून असं ठरवू नका. खडकवासल्यात उपयुक्त साठा (म्हणजे नेहमी वापरता येणारं पाणी) मावतो जेमतेम 1.97 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). खरं पाणी वरच्या तीन धरणांत असतं, वरसगाव 12.82, पानशेत 10.65 आणि टेमघर 3.71, चारही मिळून साधारण 29.15 टीएमसी. म्हणून आधी चौघांची बेरीज बघायची आणि मागच्या वर्षीच्या त्याच तारखेच्या आकड्याशी लावून बघायची. पुण्याचं पिण्याचं पाणी आणि दौंड-इंदापूरकडच्या कालव्याची आवर्तनं (शेतीसाठी ठरावीक काळ सोडलेलं पाणी), दोन्ही ह्याच बेरजेतून जातात, त्यामुळे उन्हाळी आवर्तन मिळणार का ह्याचा अंदाज शेतकऱ्याला पण इथूनच येतो.

आता विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, ते क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. एक हिशोब पाठच करून ठेवा, 11,500 क्युसेक दिवसभर चाललं की एक टीएमसी होतो. म्हणजे 23 हजार क्युसेकचा येवा (धरणात येणारं पाणी) दिवसभर आला तर रिकामं खडकवासला एका दिवसात भरतं!! म्हणूनच वरची तिन्ही भरत आली आणि घाटात पाऊस चालू असेल तर खडकवासल्यात पाणी धरून ठेवायला जागाच नसते, आलं की सोडावं लागतं, आणि संध्याकाळी बघितलेला आकडा पहाटेपर्यंत कितीतरी पटीने वाढलेला असू शकतो. 25 जुलै 2024 ला पुण्यात मुठा नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग 35 हजार क्युसेकच्या आसपास गेला होता. नदीकाठी राहत असाल तर अशा रात्री पुण्यात पाऊस किती पडला हे बघत बसू नका, पानशेत-वरसगावच्या पाणलोटात किती पडला ते बघा, आणि गाडी नदीपात्रातून संध्याकाळीच काढा.

पानशेत किंवा वरसगावमधून "वीजनिर्मितीसाठी 600 क्युसेक" असं वाचलं तर घाबरायचं कारण नाही, ते पायथ्याच्या वीजगृहातून येतं आणि खाली खडकवासल्यातच जमा होतं. बातमीत "सांडव्यावरून" (सांडवा म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर सोडायची वाट) हा शब्द आला की मात्र सावध व्हा.

फिरायला जाणाऱ्यांनी पण हे बघूनच निघावं. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस-भजी खा, पानशेतला बोटिंग करा, लाइफ जॅकेट घालूनच. पण पाण्यात उतरू नका, प्लीज. पाणी ओसरलेल्या काठावर वरून कोरडं दिसतं आणि खाली गाळ असतो, पाय रुतला की पोहता येणारा पण अडकतो. धरणाच्या खालच्या बाजूला तर पात्रात जाऊच नका, विसर्ग कधी वाढेल सांगता येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचं गणित वेगळं. तिथे एकूण साधारण 117 टीएमसी, पण त्यातले 63 च्या वर मृत साठा, म्हणजे तळाचं, टक्केवारीत न धरलेलं पाणी, म्हणून उन्हाळ्यात टक्केवारी वजा दिसते. वजा म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाही, मृत साठ्यातलं पाणी वापरायला सुरुवात झाली एवढाच त्याचा अर्थ.