तिकिटावरचे तास आणि खरे तास: संभाजीनगरहून लंडनचा हिशेब

तिकिटावर मुंबईहून सुटायची वेळ दुपारी १ आणि लंडनला उतरायची संध्याकाळी ६:३० दिसली, की साडेपाच तासांचा प्रवास आहे असं घरी सांगून मोकळे होऊ नका. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात.

आधी अंतर काढा. संगणकावर गुगल मॅप्स उघडून पहिल्या विमानतळावर राइट-क्लिक करा, अंतर मोजण्याचा पर्याय घ्या आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किमी भरतं. देशातल्या देशात कागद-पेनवरही भागतं. अक्षांशांतला अंशांचा फरक गुणिले १११ (एका अंशाचे साधारण किमी). रेखांशांतला फरक गुणिले १११ गुणिले सरासरी अक्षांशाचा कोसाइन. दोन्ही उत्तरांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या. चिकलठाणा (संभाजीनगरचा विमानतळ) ते दिल्ली असं केलं की ९८० किमीच्या आसपास उत्तर येतं आणि ते बरोबर असतं. लंडनला मात्र ही रीत लावू नका, साडेतीनशे किमी जादा निघतात. पृथ्वी गोल असल्यामुळे लांबच्या पल्ल्याचा सर्वात जवळचा मार्ग नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो, आणि ही रीत तो वाक धरत नाही.

मुंबई–लंडन अंतराला ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी किमीमधल्या साधारण वेगाने भागा: साडेआठ तास. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांचा अर्धा-पाऊण तास मिळवा. पश्चिमेकडे जाताना समोरून वारा लागतो, म्हणून जाणं येण्यापेक्षा लांबतं. शिवाय विमान सरळ रेषेत जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घ्यावा लागला. म्हणून दहा तास धरा.

पडताळा तिकिटावरूनच होतो. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. वरच्या तिकिटात हिवाळ्यात साडेपाच अधिक साडेपाच, म्हणजे अकरा तास होतात. उन्हाळ्यात तेच दहा. परतीला हा फरक वजा करायचा, आणि तारीख बदलते तीही बघा. घ्यायला येणारे बरेचदा एक दिवस आधीच पोचतात.

आता घरापासून मोजा. संभाजीनगरहून मुंबई विमानतळ रस्त्याने सहा तास, त्यावर घाटातली कोंडी आणि मुंबईत शिरतानाची गर्दी यांचे दोन तास हातचे ठेवा. विमान सुटण्याआधी तीन तास तिथे हजर राहायचं. म्हणजे दुपारी १ च्या विमानासाठी पहाटे २ ला निघणं आलं.

नांदेडकरांनी हैदराबादही तपासावं. तिथून लंडन सुमारे ७,७५० किमी, म्हणजे हवेत पाऊण तास जास्त. पण रस्ता मुंबईच्या जवळपास निम्मा, आणि रात्रीच्या गाडीप्रवासाचा शीण वाचतो तो वेगळाच.