कुत्र्याचं ग्रूमिंग घरी: आधी ब्रश, मग आंघोळ

कुत्र्याला स्वच्छ करायचं म्हटलं की बहुतेक जण त्याला थेट बाथरूममध्ये नेतात. पण खरं काम कोरड्या अंगावरच होतं. केसांत गुंता असताना अंग भिजवलं तर तो आणखी आवळतो, खालची कातडी लवकर वाळत नाही आणि खाज सुटते.

म्हणून आधी ब्रश. आखूड केसांना आठवड्यातून एकदा रबरी ब्रश पुरतो. लांब केस असतील तर रोज विंचरलेलं बरं. त्यासाठी तारांचा ब्रश आणि धातूची फणी घ्या. वरवर ब्रश फिरवला की केस चमकतात, पण आतला थर तसाच राहतो. एका हाताने केस वर उचलून धरा. खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. तिथून थोडे थोडे केस सोडत विंचरा. शेवटी फणी मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेली, तरच झालं म्हणायचं.

गुंता हमखास सापडतो तो कानांमागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली. गुंत्याचे केस मुळाशी चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि टोकाकडून सोडवत या. कात्री मात्र लावू नका. जटेत कातडीही ओढली गेलेली असते, ती सहज कापली जाते. कातडीला चिकटलेल्या जटा पशुवैद्याकडे किंवा अनुभवी ग्रूमरकडे काढून घ्या.

विंचरता विंचरता बोटंही अंगभर फिरवा. एखादी गाठ किंवा जखम अशीच हाताला लागते. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ, सावकाश ओढा, चिरडू नका.

आता आंघोळ. पाय घसरला की कुत्रा घाबरतो, म्हणून खाली रबरी चटई अंथरा. पाणी कोमट असावं. आपला शाम्पू त्याला नको. आपली त्वचा आम्लधर्मी असते, त्याची बरीचशी उदासीन. कुत्र्याचा शाम्पू पाण्यात पातळ करून मानेपासून मागे लावत जा, तोंड ओल्या फडक्याने पुसा. शाम्पू लावायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ तो धुवायला द्या. पोटाखाली आणि बोटांच्या बेचक्यांत फेस राहतो, नंतर कुत्रा तिथेच चाटत बसतो. मग टॉवेलने टिपून घ्या. लांब केस चोळलेत तर सोडवलेला गुंता पुन्हा तयार होईल.

दाट, दुहेरी केसांच्या, म्हणजे वर राठ केस आणि आत मऊ लव असलेल्या कुत्र्याचा उन्हाळ्यात गोटा करणं मला अजिबात पटत नाही. ते केस कातडीला उन्हापासूनही जपतात, आणि काढल्यावर कधी कधी पहिल्यासारखे येत नाहीत.

कानांत इअरबड घालू नका. कुत्र्याचे कान साफ करायचं द्रावण सोडा, कानाचं मूळ हलकेच चोळा, त्याला डोकं झटकू द्या आणि बाहेर आलेलं कापसाने टिपा. कानाला वास येत असेल किंवा आत लाली असेल, तर आधी पशुवैद्य.

नखं शेवटी, कारण भिजल्यावर ती मऊ पडतात. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते; तिच्या अलीकडेच थांबा. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून पातळ चकत्या काढत जा आणि दर वेळी कापलेली बाजू बघा. मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसू लागला की पुरे. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर दाबून धरा. पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं नख विसरू नका. ते झिजत नाही, वळून कातडीत रुततं.

पंजा धरू देत नसेल तर काही दिवस नखं कापायची कात्री बाजूला ठेवा. नुसता पंजा हातात घ्या, खाऊ द्या, सोडा. तो गुरगुरला तर रागावू नका, थांबा. गुरगुरणं ही त्याची सूचना असते, आणि ती दाबून टाकलीत तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल. एका दिवसात एकच नख झालं तरी चालेल, बाकीची उद्या.