आयनांच्या माऱ्यात रेणू कसा फुटतो: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयन वेगाने येतो, रेणूवर आदळतो आणि तुकडे उडतात, असं चित्र मनात घेऊन बरेच विद्यार्थी आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी ते आधी पुसायला लावतो. बहुतेक वेळा आयन अणुकेंद्रकांच्या जवळपासही जात नाही. १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा प्रोटॉन सेकंदाला सुमारे ४,४०० किलोमीटर धावतो. एक नॅनोमीटर लांबीचा रेणू तो पाव फेमटोसेकंदाच्या आतच ओलांडतो. कार्बन-हायड्रोजन बंधाच्या एका कंपनाला मात्र ११ फेमटोसेकंद लागतात. प्रोटॉन निघून गेला तरी अणू अजून जागच्या जागी असतात, फक्त एखाद-दुसरा इलेक्ट्रॉन गेलेला असतो. रेणू फुटतो तो त्यानंतर, आत उरलेल्या ऊर्जेमुळे.

इलेक्ट्रॉन कसा गेला, हेही पाहावं लागतं. २५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास प्रोटॉनचा वेग हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनच्या वेगाइतका होतो. त्याहून बराच संथ प्रोटॉन बहुधा इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो. बराच वेगवान असेल तर इलेक्ट्रॉन मोकळा बाहेर पडतो.

नमुना भरायची घाई करू नका. आधी रिकाम्या चेंबरचा टाइम-ऑफ-फ्लाइट स्पेक्ट्रम घ्या, म्हणजे आयनांना डिटेक्टरपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळांचा आलेख. त्यातल्या शिखरांचे अंक म्हणजे आयनाचं वस्तुमान भागिले प्रभार. १८ वर पाणी, २८ वर नायट्रोजन, ३२ वर ऑक्सिजन दिसेल. २८ फार फसवं आहे, कारण कार्बन मोनॉक्साइड आणि एथिलीनही तिथेच येतात. मग आरगॉन सोडा. त्याची ४० (एकेरी प्रभार) आणि २० (दुहेरी प्रभार) ही दोन शिखरं मिळाली की वेळेचं मोजमाप वस्तुमानात बदलता येतं.

सुरुवातीला नॅफ्थलीन घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो. मूळ आयन १२८ वर, ॲसिटिलीन गमावलेला १०२ वर. पण ६४ वर जे दिसतं ते काय? दोन इलेक्ट्रॉन गमावलेला अखंड रेणू, की पाच कार्बनांचा तुकडा? उत्तर शेजारी, ६४.५ वर असतं. एक कार्बन-१३ (एका एककाने जड कार्बन) असलेला दुहेरी प्रभाराचा रेणूच त्या अर्ध्या अंकावर येऊ शकतो. दहा कार्बन असल्यामुळे ते शिखर अखंड रेणूच्या शिखराच्या साधारण ११ टक्के उंचीचं हवं. ६४ चं शिखर त्या हिशेबापेक्षा मोठं निघालं, तर वरचा वाटा तुकड्याचा. एवढ्याशा शिखरातून एवढं कळतं, याचा आनंद मला अजूनही होतो.

दुहेरी प्रभाराचा रेणू दोन आयनांत फुटला, तर ते एकमेकांना जोरात ढकलतात. दीड अँगस्ट्रॉम अंतरावरच्या दोन प्रभारांत साडेनऊ इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जा असते, म्हणून अशा तुकड्यांची शिखरं रुंद होतात. दोन्ही तुकड्यांच्या वेळा एकमेकांसमोर मांडल्या की तिरकी रेषा उमटते. दोन्ही एकेरी प्रभाराचे असून उतार उणे एक नसेल, तर मध्ये एखादा उदासीन तुकडा सुटल्याची शंका घ्या. या मोजणीत बीम, म्हणजे आयनांचा झोत, वाढवायचा मोह आवरा. बीम जास्त झाला की वेगवेगळ्या रेणूंचे तुकडे जोडीने नोंदले जातात आणि खऱ्या रेषा त्यात बुडतात. बीम कमीच ठेवा आणि मोजणी रात्रभर चालू द्या.