"वरून आलंय" म्हणजे कुठून? सरकारी कंपनीच्या पहिल्या ऑडिटला जाणाऱ्यांसाठी

साखर कारखान्याची वार्षिक सभा कशी असते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. मांडव, लाऊडस्पीकर, अहवालाची गुंडाळी हातात धरून उभे राहिलेले सभासद, एका अंगाने "मंजूर, मंजूर", दुसऱ्या अंगाने "नामंजूर", आणि मधे माईकसाठी ओढाताण. माझे आजोबा सभेच्या आठ दिवस आधी लेखी प्रश्न नेऊन द्यायचे आणि पोच घेऊन यायचे. ती पोच पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचे. सीएच्या पुस्तकात "वार्षिक सर्वसाधारण सभा" हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तोच मांडव आला.

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या शिक्षणातल्या उमेदवारीच्या, दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, राज्य सरकारच्या मालकीच्या एका छोट्या कंपनीच्या ऑडिटला गेले आणि तिथल्या वार्षिक सभेचं इतिवृत्त हातात आलं. एक पान. सभासद सात, सातही जागी सरकारी अधिकारी. सहा जणांच्या नावावर एकेक शेअर, तोही शासनाच्या वतीने धरलेला. सातवे "महाराष्ट्राचे राज्यपाल यांचे प्रतिनिधी". बाकीचं सगळं भांडवल त्यांच्या एका सहीमागे. लेखापरीक्षित हिशेब तयार नसल्यामुळे सभा तहकूब, आभार, समाप्त. आदल्या वर्षीचं इतिवृत्त काढलं, तेच वाक्य. त्याच्या आदल्या वर्षीही तेच.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी या पानाबद्दल सांगते. सरकारी कंपन्यांचा तोटा, भ्रष्टाचार, राजकीय हस्तक्षेप यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. पण हा पैसा तुमच्याआमच्या करातला, म्हणजे मालक आपण सगळे, आणि सभेत उठून प्रश्न विचारायला आपल्यातलं कोणीच नाही. आजोबांसारखा पोच जपणारा सभासद तिथे नाही. ती जागा थोडीफार ऑडिटरने भरायची असते, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

हे काम मिळतं कसं, ते थोडक्यात. केंद्र किंवा राज्य सरकारचं, किंवा दोघांचं मिळून, ५१ टक्के किंवा त्याहून जास्त भांडवल असलेली कंपनी ती सरकारी कंपनी. तिचा ऑडिटर भागधारक नेमत नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३९(५) प्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून १८० दिवसांत कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, नेमतात, आणि त्यासाठी फर्मला कॅगच्या पॅनलवर नाव नोंदवावं लागतं. कंपनीची ऑडिट कमिटी शिफारस करते ती फक्त फीची. आमची फर्म राजारामपुरीतली, चार खोल्यांची. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी शिकत होते त्या सीएंनी, आधी महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं काढायला सांगितली, कारण कंपनीचं कार्यालय मुंबईत. फी एवढी तुटपुंजी की प्रवास आणि मुक्काम यातच बरीचशी जायची. तरी शक्य असेल तर अशी एक तरी ऑडिट मागून घ्या. खासगी कंपनीच्या दहा ऑडिटमध्ये जे दिसत नाही ते इथे एका कपाटात दिसतं.

पहिला धक्का वर्षाचा बसतो. आम्ही जे हिशेब तपासत होतो ते २००८-०९ चे. मी दहावीची परीक्षा दिली ते वर्ष! त्या वर्षाला २०१३ चा कायदा लागूच नव्हता, १९५६ चा लागू होता, म्हणून आधी त्यातलं सरकारी कंपन्यांच्या ऑडिटचं जुनं कलम ६१९ शोधून वाचावं लागलं. हिशेब लिहिणारे दोघे निवृत्त झालेले, तिसऱ्यांची बदली झालेली. व्हाउचरवर सही कोणाची, ती ओळखणारा एकच माणूस उरला होता, रेकॉर्ड सांभाळणारे मामा. ते सही बघून नाव सांगायचे आणि ते गृहस्थ कुठल्या टेबलावर बसायचे तेही सांगायचे. थकलेले हिशेब म्हणजे नुसता उशीर नव्हे. प्रश्न विचारायचा तो माणूसच जागेवर नसणं, हा त्याचा खरा अर्थ. कॅगच्या अहवालांत राज्यांच्या उपक्रमांच्या थकीत हिशेबांवर वर्षानुवर्षं लिहिलं जातंय ते याचसाठी. केंद्राच्या २०१५ च्या अधिसूचनेने सरकारी कंपन्यांना २०१३ च्या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदींतून सूट दिली होती. २०१७ मध्ये केंद्राने त्यावर अट घातली: वार्षिक हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र भरण्यात कसूर नसेल तरच सूट. त्यामुळे एखादी कंपनी "आम्हाला हे लागू नाही" म्हणाली की आधी तिने हे दोन्ही कागद भरलेत का ते बघा.

आता संचालक मंडळ. इथे जरा थांबून लिहिते, कारण नवख्याची नजर नेमकी इथून घसरते.

बैठकांच्या हजेरीचं रजिस्टर मागा. ठराव नंतर, आधी हजेरी. त्या कंपनीत व्यवस्थापकीय संचालकाचं पद कित्येक महिने "अतिरिक्त कार्यभारा"वर होतं. म्हणजे साहेब मूळचे दुसऱ्याच खात्याचे, इथे आठवड्यातून एखाददिवशी. तीन वर्षांत चार व्यवस्थापकीय संचालक. विभागाचे प्रतिनिधी म्हणून नेमलेले संचालक सलग सहा बैठकांना गैरहजर, आणि प्रत्येक वेळी एकच ओळ: "अनुपस्थितीची रजा मंजूर." दोन जागा रिकाम्या. त्या भरायचा अधिकार मंडळाला नाही, शासनाला आहे. कंपनी सचिवांनी विभागाला पाठवलेली स्मरणपत्रं फाईलला लावलेली होती, एकाखाली एक पाच. त्या माणसाबद्दल मला फार वाईट वाटलं. ठोठावायचं ते दार त्यांनी पाच वेळा ठोठावलं होतं.

हे छोट्या कंपन्यांचंच दुखणं आहे असं समजू नका. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, २०१५ च्या नियमांनुसार स्वतंत्र संचालकांची, म्हणजे मालक आणि व्यवस्थापन यांच्याशी हितसंबंध नसलेल्या संचालकांची, ठरावीक संख्या ठेवावी लागते, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये दंड. इंडियन ऑइल, ओएनजीसी, गेल अशा मोठ्या कंपन्यांना शेअर बाजारांनी हा दंड लावलेला आहे, आणि त्यांचं उत्तरही त्या सचिवांसारखंच होतं: नेमणूक सरकार करतं, आमच्या हातात नाही. हे उत्तर खरं आहे. दंड मात्र कंपनी भरते, नेमणूक लांबवणारा विभाग भरत नाही. शिवाय सरकारी कंपनीत स्वतंत्र संचालक सचोटीचा आणि जाणकार आहे की नाही हे मंडळ ठरवत नाही, संबंधित मंत्रालय किंवा विभाग ठरवतो. ज्याच्यापासून स्वतंत्र राहायचं त्यानेच दाखला द्यायचा, ही रचना मला चुकीची वाटते आणि ती बदलायला हवी असं मी उघडपणे म्हणते.

त्या ऑडिटमध्ये मला जे सापडलं ते सांगते. एका बैठकीच्या कार्यसूचीत चौदावा विषय होता, गोदामांच्या दुरुस्तीच्या कामाला "कार्योत्तर मंजुरी". हा शब्द पाठ करा. काम आधी, मंजुरी मागाहून. कधीकधी ती रास्तही असते. पावसात छप्पर उडालं तर बैठकीची वाट बघत बसता येत नाही. म्हणून मी फक्त तारखा काढल्या. कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, फेब्रुवारीचा. पहिलं बिल मार्चमध्ये अदा. मंडळाची बैठक ऑगस्टमध्ये. मधे जूनमध्येही एक बैठक झालेली, तिच्या कार्यसूचीत हा विषयच नाही. आणि फेब्रुवारीत छप्पर उडायला पाऊस कुठला?

लेखा अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, ते वरून आलंय."

मी गप्प बसले. एकवीस वर्षांची पोर, समोर नोकरीत केस पांढरे झालेला माणूस. संध्याकाळी सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "अगं, वरून म्हणजे कुठून? कोणी सांगितलं, कधी सांगितलं, कुठल्या कागदावर? एवढं विचार आणि लिहून दे. दुसरा एक शब्द घालू नकोस."

या व्यवसायात मला मिळालेली ही सगळ्यात मोलाची शिकवण. मालक म्हणून सरकारने कंपनीला आदेश द्यावा यात गैर काही नाही. अनेक सरकारी कंपन्यांच्या नियमावलीतच राष्ट्रपती किंवा राज्यपाल लेखी निर्देश देऊ शकतील असं कलम असतं. लेखी निर्देश आला की तो मंडळापुढे ठेवता येतो, त्याचा खर्च मोजता येतो, विधिमंडळात त्यावर विचारता येतं. फोनचं तसं होत नाही. फोनवरचा निर्णय मंडळाच्या नावावर चढतो आणि मंडळाला तो सहा महिन्यांनी कळतो.

मोठ्या कंपनीतही भांडण याच रेषेवर होतं. २०१२ मध्ये द चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड या लंडनच्या गुंतवणूकदाराने कोल इंडियाच्या संचालकांना कोर्टात खेचलं. तक्रार अशी की सरकारच्या सांगण्यावरून कोळसा स्वस्तात विकला जातो आणि बाकीच्या भागधारकांचं नुकसान होतं. पुढे त्यांनी शेअर विकून टाकले. स्वस्त कोळशाने स्वस्त वीज मिळत असेल तर तो सरकारचा धोरणाचा निर्णय असू शकतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मग तो सरकारने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या सहीने घ्यावा.

लिहिण्याबद्दल दोन गोष्टी. आपण वैधानिक ऑडिटर, म्हणजे कायद्याने नेमलेले ऑडिटर, म्हणून कंपनीला जो लेखी प्रश्न देतो ती क्वेरी. आपला अहवाल गेल्यावर कॅगची पार्टी पूरक लेखापरीक्षणाला येते, त्यासाठी ६० दिवसांची मुदत असते, आणि त्यांचा कागद म्हणजे हाफ मार्जिन: पानाच्या अर्ध्या भागात त्यांचा आक्षेप, उरलेल्या अर्ध्यात कंपनीचं उत्तर. ती पार्टी आपण काय सोडलं तेही बघते. म्हणून क्वेरीत "संशयास्पद", "संगनमत" असले शब्द घालू नका. ते सिद्ध करायचं काम आपलं नाही, आणि त्या एका शब्दावर भांडण काढून कंपनी मूळ तारखा बाजूला सारते. तारीख, रक्कम, सही, ठराव क्रमांक, एवढंच. माझ्या क्वेरीत चारच ओळी होत्या. शेवटची अशी: "फेब्रुवारीत कार्यादेश देण्याचा अधिकार कोणत्या ठरावाने अथवा लेखी निर्देशाने मिळाला, त्याची प्रत द्यावी."

अभ्यासासाठी २०१३ च्या कायद्यातली कलम १४३ ची पाचवी ते सातवी पोटकलमं, कलम ३९४ आणि ३९५, आणि केंद्राच्या कंपन्यांसाठी सार्वजनिक उपक्रम विभागाची २०१० ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. परीक्षेत यावर फार तर एखादा प्रश्न येतो, म्हणून शिकवणीत हा भाग पळवतात. स्वतः बसून वाचा. कॅगचे अहवाल फुकट मिळतात. महाराष्ट्राचा कुठलाही एक घ्या आणि त्यातला एकच परिच्छेद घेऊन मूळ निर्णय कोणी घेतला ते शोधत जा. आणि पहिल्या दिवशी रेकॉर्डवाल्या मामांबरोबर चहा घ्या.

क्वेरीचं उत्तर यायला अकरा दिवस लागले. प्रत मिळाली नाही, कारण ती नव्हतीच. उत्तरात लिहिलं होतं, "तत्कालीन तोंडी सूचनेनुसार." कुठली पळवाट नाही, तोंडी म्हणजे तोंडी. लेखा अधिकाऱ्यांनी स्वतः सही करून कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बारा वर्षांत हे कोणी लिहून मागितलं नव्हतं." सरांनी तो शब्द न् शब्द अहवालाच्या जोडपत्रात घेतला. मी पोच घेतली, आणि महालक्ष्मीने कोल्हापूरला परत येताना ती उशाखालच्या पिशवीत ठेवली.